जुनी स्कूटर, मुसळधार पाऊस आणि रबराचे तुकडे

पावसाळा तोंडावर आला की जुन्या स्कूटरवाल्यांचे प्रश्न सुरू होतात, गाडी बाहेर काढू का, झाकून ठेवू का, मॅग्नेटमध्ये, म्हणजे करंट तयार करणाऱ्या चाकात, पाणी जाईल का, आणि मी सगळ्यांना एकच सांगतो की काढा, बिनधास्त चालवा, फक्त त्याआधी एक संध्याकाळ देऊन गाडीतलं सगळं रबर तपासून घ्या. माझं आता ठाम मत झालंय की या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना पाण्याचं वावडं असं काही नाही, पावसात जी गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा कुठल्यातरी चिरलेल्या, कडक झालेल्या किंवा कधीतरी काढून परत न बसवलेल्या रबरामुळं पडते. प्लगची कॅप, एचटी म्हणजे प्लगला जास्त दाबाचा करंट नेणाऱ्या वायरचं आवरण, कार्बोरेटरच्या डब्याचा बेलो म्हणजे घडीदार रबरी नळी, टाकीच्या झाकणाचं वॉशर, वायरी पत्र्यातून आत जातात तिथल्या रबरी कड्या, म्हणजे ग्रोमेट. इंजिनाचं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम कितीतरी दशकं टिकतं, रबर टिकत नाही, आणि लोक हेड उघडून बसतात पण जे पाच मिनिटांत बदलता येतं तिकडं बघतच नाहीत.

खरं तर स्कूटरची रचनाच पावसाला सोयीची आहे. व्हेस्पा १९४६ साली आली, ती आखली कोराडिनो द'आस्कानियो यांनी, ते मूळचे विमान आणि हेलिकॉप्टरवर काम करणारे इंजिनिअर, आणि इंजिन पत्र्याच्या आत झाकून टाकायचं म्हणजे चालवणाऱ्याचे कपडे खराब होत नाहीत हा त्यातला मोठा विचार. १९४७ ला लॅम्ब्रेटा आली, त्यातही इंजिन सीटखालीच. म्हणजे वरून पडणारा पाऊस इंजिनावर थेट पडतच नाही. पण झाकलेल्या इंजिनाला वारा लागत नाही म्हणून ते गार ठेवायला मॅग्नेटवरच फॅन बसवलेला असतो, आणि हा फॅन जाळीतून हवा ओढतो, ती सिलेंडर आणि हेडवरच्या झाकणातून फिरवून बाहेर काढतो. आता भर पावसात, त्यात शेजारून ट्रक गेला की हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात, ते फॅन हवेबरोबर आत घेणारच, आणि ते जाणार कुठं तर पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप होणाऱ्या कॉन्टॅक्टच्या, आसपास, मग फिन्सवर म्हणजे सिलेंडरच्या पात्यांवर आणि शेवटी प्लगच्या शेजारी. म्हणून काउल, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं झाकण, लावलेलं आहे, वरून पाणी लागत नाही, एवढ्यावर निश्चिंत राहून चालत नाही. पाणी फॅनच आणून देतो.

आता करंटचं बघू, कारण पावसात ऐनवेळी बंद पडणाऱ्या गाड्यांचं मुख्य दुखणं तेच.

एचटी कॉईल दहा हजार व्होल्टच्या वर दाब तयार करते आणि एवढ्या दाबाला जायला जो रस्ता सोपा मिळेल तिकडून तो जातो. प्लगच्या टोकाशी फट असते साधारण ०.६ मिलीमीटर, पण ती फट सिलेंडरच्या आत आहे, दाबलेल्या हवेत आहे, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायला उघड्या हवेपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर मात्र कॅपला केसाएवढी चीर असेल, तिच्यात धूळ असेल आणि त्यावर पाण्याचा थर बसला असेल तर करंटला आयता सोपा रस्ता मिळाला, तो तिथूनच हेडवर उतरतो. यातूनच एक ओळखायची खूण मिळते जी मला फार उपयोगी पडलीय, ती म्हणजे गाडी उभी असताना छान चालते, पण रेस दिली किंवा चढ लागला की मिसिंग मारते आणि मरते. कारण रेस दिली की सिलेंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आतली ठिणगी अजून अवघड होते आणि करंट बाहेरचा रस्ता धरतो. असं होत असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका, आधी कॅप बघा.

हे डोळ्यांनी बघायची सोपी पद्धत आहे. रात्री दिवे घालवून, आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना हे बघून, इंजिन चालू ठेवायचं आणि फवारणीच्या बाटलीनं एचटी वायरवर आणि कॅपवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारायचा, हात लांब ठेवायचा. जिथून गळती आहे तिथं निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. पावसाळ्याआधी हे एकदा केलं की रस्त्यात कधी दगा बसेल याचा अंदाज घरीच येतो.

उपाय साधे आहेत. कॅप फिरवून काढा, वायरचं टोक बघा, आतली तार काळी हिरवी पडली असेल तर टोकाकडून पाचेक मिलीमीटर वायर कापून टाका म्हणजे कॅपचा स्क्रू ताज्या तारेत बसेल, अर्थात वायर तेवढी लांब असेल तरच, नाहीतर वायरच बदला. कॅपच्या आतून किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती करंटनं पाडलेली वाट आहे, ती पुसून जात नाही, पुसली असं वाटतं पण पहिल्या ओलाव्याला परत तिथूनच जातो, कॅप नवीनच घ्यावी लागते. रेझिस्टर कॅप असेल तर मल्टिमीटरनं मोजा, बऱ्याच कॅप ५ किलोओहमच्या असतात, त्यावर छापलेलं असतं, आकडा त्याच्या फारच वर गेला तर तीही संपली. मग प्लगचा पांढरा भाग कोरड्या फडक्यानं लख्ख पुसायचा आणि कॅपच्या रबरी ओठाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. सिलिकॉन ग्रीसच, साधं पिवळं ग्रीस नको, ते रबर फुगवतं आणि मऊ करून टाकतं.

आणि तो स्प्रे, डब्ल्यूडी-४०, तो सगळ्यांच्या डिक्कीत असतो. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि ते काम तो खरंच चांगलं करतो, भिजलेल्या वायरवर मारला की गाडी चालू होते. पण त्याचा थर टिकाऊ नसतो आणि चिरलेली कॅप त्यानं बरी होत नाही, म्हणून तो रस्त्यातला उपाय म्हणून ठेवा. पॉइंटवर तर तो कधीच मारू नका, तेलकट थर राहतो, तो जळतो आणि मग कोरड्या दिवशीही गाडी किका मागते.

पॉइंटचं थोडं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण यावर लोक फार दुर्लक्ष करतात. जुन्या गाड्यांत पॉइंट मॅग्नेटच्या मागं असतात आणि ते तिथं अंधारात बसलेले असल्यामुळं वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. त्यांच्यातलं अंतर ०.३ ते ०.५ मिलीमीटर, आपापल्या मॅन्युअलमध्ये नेमकं दिलेलं असतं, मॅग्नेटच्या खिडकीतून फीलर गेज घालून तपासता येतं. दमट हवेत गाडी काही दिवस उभी राहिली की पॉइंटच्या तोंडावर बारीक थर बसतो, कधी पांढरट कधी करडा, आणि मग सकाळी ठिणगीच नाही. स्वच्छ जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढली की बहुतेक वेळा काम होतं, पॉलिश पेपर मी शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो कारण त्याचे कण आत राहतात. पॉइंटवर खड्डा आणि समोर टेकडी अशी झाली असेल तर पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर दमलेला आहे असं समजा.

आता कोणी म्हणेल की पॉइंट खराब असले तरी गाडी उन्हाळ्यात चालत होतीच की. चालत होती, कारण कोरड्या हवेत कमजोर ठिणगीलाही भागवून नेता येतं. दमलेला कंडेन्सर, घासलेले पॉइंट, जुनी वायर, काजळलेला प्लग हे सगळं मिळून करंटची जी शिल्लक असते ती आधीच खाल्लेली असते, आणि पाऊस येऊन उरलेली थोडी गळवतो. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर एक एक पार्ट बदलत बसण्यापेक्षा आधीच हे सगळं नीट करावं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर पॉइंटची कटकट जाते, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, पण वायरींचे जोड उघडे ठेवून वरून टेप गुंडाळलेली असेल तर इलेक्ट्रॉनिक गाडीही तितकीच बंद पडते. टेपच्या आत पाणी शिरतं आणि मग बाहेर यायला मागत नाही. गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंक ट्यूब वापरा.

एक जागा मात्र कोणाच्याच डोक्यात येत नाही, ती म्हणजे गाडी बंद करायच्या स्विचकडं जाणारी वायर. मॅग्नेटवर चालणाऱ्या या इंजिनात बंद करायचं म्हणजे करंट आर्थ करायचा, गाडीच्या पत्र्यात उतरवायचा, एवढंच त्या स्विचचं काम. म्हणजे स्विचमध्ये पाणी गेलं किंवा हँडलखाली ती वायर कुठं घासून पत्र्याला टेकली की गाडीला वाटतं आपल्याला बंद केलंय. एका मित्राची लॅम्ब्रेटा नेमकी मोठ्या पावसातच बंद व्हायची आणि ऊन पडलं की जणू काही झालंच नाही अशी चालायची, कॉईल बदलली, प्लग बदलले, शेवटी ती वायर इंजिनाकडच्या जोडावर सोडवून ठेवली आणि गाडी भर पावसात चालत राहिली. तेव्हा करंट येत नसेल तर आधी ती वायर सोडवून किक मारून बघा, चालू झाली तर दोष वायरिंगमध्ये आहे, इंजिनात नाही. फक्त मग गाडी बंद कशी करायची ते आधी ठरवून ठेवा, चोक ओढून किंवा चौथा गिअर टाकून ब्रेक धरून क्लच हळू सोडला की होते बंद.

हवेकडं येतो. व्हेस्पाच्या पद्धतीच्या गाड्यांमध्ये कार्बोरेटर एका डब्यात असतो आणि त्याला हवा मिळते ती सीटखालच्या पोकळ चॅसिसमधून, मधे एक रबरी बेलो असतो. फार हुशारीची रचना आहे ही, कारण त्या पोकळीत पाऊस थेट जात नाही. पण बेलो फाटला असेल किंवा इंजिन उतरवल्यावर परत बसवताना नीट कडेला बसला नसेल तर चाकानं उडवलेलं पाणी आणि चिखल थेट कार्बोरेटरच्या डब्यात. डब्याचं झाकण उघडा, आत चिखलाचा वाळलेला थर दिसला तर बेलो गेलाय, दुसरा पुरावा लागत नाही.

पावसात गाडी थोडी जड वाटते, ओढ कमी वाटते, हे मात्र खरं आहे आणि त्यात दोष काही नसतो. ३० अंश तापमानाला हवा पूर्ण ओली असेल तर तिच्यात साधारण ४ टक्के पाण्याची वाफ असते, तेवढ्या जागेत ऑक्सिजन नाही, म्हणजे तेवढ्याच प्रमाणात मिश्रण पेट्रोलकडं झुकतं. एवढ्यासाठी जेट, म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणारं भोक, बदलू नका. हवेचा स्क्रू फिरवून लोक गाडी पावसात गोड करून घेतात आणि आकाश मोकळं झाल्यावर तीच गाडी लीन चालते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, मग ती तापते, सीझ होते, म्हणजे पिस्टन आत अडकतो. पावसाळाभर प्लग थोडा जास्त काळपट येणार, तो काढून ब्रश मारायचा, एक तयार प्लग आणि पाना डिक्कीत ठेवायचा, एवढं पुरे.

पेट्रोलमधलं पाणी हा वेगळा विषय आणि तो गंभीर आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळं ते टाकीच्या तळाशी बसतं, आणि रिझर्व्हला कॉक फिरवला की तळातलंच ओढलं जातं, म्हणून बऱ्याच जणांची गाडी नेमकी रिझर्व्हला लागल्यावर गचके खाते. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी स्वतःत सामावून घेतं, पण एका हद्दीपर्यंत, १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी झालं, म्हणजे लिटरमागं ५ मिलीच्या आसपास, की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. टू-स्ट्रोकवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण आपलं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं आहे आणि त्या खालच्या थरात ते जवळपास नसतंच. तो थर इंजिनात गेला तर इंजिनाला वंगणाशिवाय चालावं लागतं. बेअरिंगला गंज लागतो तो वेगळाच.

त्यामुळं टाकीच्या झाकणाचं वॉशर चपटं आणि कडक झालं असेल तर आजच बदला, आणि झाकणातलं हवेचं बारीक भोक मोकळं ठेवा, ते बुजलं की टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही, आणि मग तेही पावसाच्याच नावावर जातं. पाऊस पडत असताना पेट्रोल भरायची वेळ आली तर सीट उचलण्याआधी सीटवरचं पाणी पुसून घ्या, टाकीच्या तोंडाभोवती पुसा आणि रेनकोटची बाही झाकणावरून नेऊ नका, टाकीत पाणी जातं ते बऱ्याचदा असंच, थेंबाथेंबानं. संशय आला तर कॉकची नळी काढून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या, पाच मिनिटं स्थिर ठेवा, पाणी असेल तर खाली थर किंवा गोळ्या स्पष्ट दिसतात. मग टाकी पूर्ण रिकामी करणं, कार्बोरेटरचा बाऊल आणि जेट साफ करणं याला पर्याय नाही. ते पेट्रोल उन्हात ठेवून परत वापरायचा मोह नको.

पावसात ऑइल थोडं जास्त टाकावं असं खूप जण सांगतात, मला ते पटत नाही. गाडीला २ टक्के सांगितलं असेल तर २ टक्केच. ५० च्या दशकातल्या बऱ्याच स्कूटरना ५ टक्के लागायचं, नंतरच्या रोटरी व्हॉल्व्हच्या व्हेस्पांना २ टक्क्यांवर भागतं. जास्त ऑइल म्हणजे त्याच जेटमधून तेवढं पेट्रोल कमी, वर प्लगवर काजळी, आणि ओल्या हवेत काजळलेला प्लग म्हणजे परत करंटचीच बोंब.

चालवण्याबद्दल. डबक्यातून वेगात जायचं नाही, पुढच्या चाकाचं पाणी पायठाणाखालून सरळ मागं इंजिनाकडं येतं, मडगार्डचा रबरी फ्लॅप तुटला असेल तर तो लावून घ्या, त्या एका तुकड्यानं केवढा फरक पडतो ते लावल्याशिवाय कळत नाही. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच थोडा दाबून, रेस एकसारखी ठेवून हळू जायचं, मधे रेस सोडायची नाही कारण सायलेन्सरमधून बाहेर येणारा धूरच पाण्याला अडवून धरतो. या गाड्यांची चाकं ८ किंवा १० इंची, म्हणजे आधीच बुटक्या, त्यामुळं माझा नियम असा की पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर गाडी वळवायची. कितीही घाई असो.

आणि तरीही पाण्यात बंद पडली तर किक मारू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. सायलेन्सर पाण्याखाली असेल तर पाणी एक्झॉस्ट पोर्टमधून सिलेंडरपर्यंत पोचलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, आणि जोरात किक बसली की कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत कोरड्या जागी न्या, प्लग काढा, मग हातानं किक हळूहळू दाबत इंजिन फिरवा, पाणी असेल तर प्लगच्या भोकातून बाहेर फेकलं जातं. तोंड तिथं न्यायचं नाही आणि एचटी वायर लांब आर्थला लावून ठेवायची. सगळं बाहेर आलं की कोरडा प्लग लावून चालू करा. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेला हे करायला जिवावर येतं पण इंजिन वाचतं.

घरी पोचल्यावर बरेच जण लगेच जाड प्लास्टिकचं कव्हर घालतात, तापलेल्या ओल्या गाडीवर. आतली सगळी वाफ मॅग्नेटवर आणि कॉईलवर बसते. आधी काउल उघडं ठेवून गार होऊ द्या, कव्हर घालायचंच तर हवा जाणारं कापडी घाला. तसंच पावसाळ्यात गाडी उभी असेल तर रोज दोन मिनिटं चालू करून बंद करणं हे अगदी चुकीचं आहे, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफ बनून बाहेर जायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. अर्धवट तापवून बंद केली तर ते पाणी आतच साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो. चालू केली तर नीट फिरवून आणा, नाहीतर चालूच करू नका.

केबलमध्ये पावसाआधी ऑइल सोडा, विशेषतः अ‍ॅक्सिलरेटरच्या, ती गंजून अडकली की रेस खाली येत नाही आणि ते ओल्या रस्त्यावर धोक्याचं आहे. ब्रेक ड्रममध्ये पाणी गेलं तर हलका ब्रेक धरून थोडं अंतर जा, कोरडे होतात. आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी गिअर ऑइलचा नट थोडा सैल करून रंग बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सगळं काढून टाका, थोडं नवीन टाकून फिरवा, तेही काढा आणि मग पूर्ण माप भरा, बऱ्याच व्हेस्पांना एसएई ३० ग्रेडचं २५० मिली लागतं. ड्रेन नटचं वॉशर त्याच वेळी नवीन टाका.